यंत्र नको, बसभाडे पाठवा

पत्र

आदरणीय ताई, मी पुण्यातील एका रुग्णालयातून इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले असून नोकरीचा बहुतेक काळ मुलांच्या वॉर्डात गेला. माझा भाचा नोकरीनिमित्त मलावी देशात ब्लँटायर येथे असतो. तेथील सरकारी क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमधील कॅन्सरग्रस्त मुलांविषयी त्याने सांगितल्यावर आमच्या नर्सिंगच्या जुन्या बॅचने आणि सोसायटीतील काही कुटुंबांनी मिळून सुमारे 11 लाख रुपये जमवले. आता मात्र एकमत होत नाही. काहींच्या मते एक चांगले सोनोग्राफी यंत्र पाठवावे, काहींच्या मते दोन मुलांना पुण्यात आणून त्यांच्यावर उपचार करावेत, आणि एका गटाचे म्हणणे असे की एवढ्या लांब कशाला, हे पैसे महाराष्ट्रातच द्यावेत. मला स्वतःला वाटते की मी तीन महिने तेथे जाऊन काम करावे. आम्ही काय करावे? नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. – एक परिचारिका, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर

सिस्टर, तुमच्या पत्रात चार सूचना आहेत आणि चारही चांगल्या मनाने केलेल्या आहेत. परंतु त्यांपैकी एकही त्या वॉर्डातून आलेली नाही, ही माझी पहिली हरकत आहे. भाच्याने सांगितले, तुम्ही हळहळलात, पैसे उभे राहिले, इथवर सारे ठीक झाले. मात्र तेथील डॉक्टरांना आणि सिस्टरना ‘तुमची मुले नेमकी कशामुळे हातची जातात’ हा प्रश्न अजून कोणी विचारलेला दिसत नाही, आणि तो विचारण्यापूर्वी एक रुपयाही खर्च होऊ नये असे मला वाटते. उत्तर काय येईल याचा अंदाज बांधता येतो, कारण गरीब देशांतील बालकॅन्सरविषयी गेल्या काही दशकांत जे समजले आहे, त्याचा रोख बराचसा एकाच दिशेने आहे, आणि तो रोख यंत्राकडे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे 4 लाख मुलामुलींना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत बरे होण्याचे प्रमाण 30 टक्क्यांच्याही खाली राहते. ही तफावत महागड्या नव्या औषधांमुळे पडलेली आहे असा सर्वसाधारण समज असतो, आणि तो बालकॅन्सरच्या बाबतीत तरी बहुतांशी चुकीचा आहे. व्हिन्क्रिस्टिन, ॲक्टिनोमायसिन, सायक्लोफॉस्फामाइड, मेथोट्रेक्सेट ही ज्या औषधांवर आजही ही मुले बरी होतात, ती वापरात येऊन साठ वर्षे उलटून गेली आहेत. युगांडाच्या कंपाला शहरात काम करणारे शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी 1958 साली मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या ज्या गाठीचे वर्णन प्रसिद्ध केले, तो लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, केवळ औषधांनी बरा होऊ शकतो हे 1960 च्या दशकात जगाला आफ्रिकेतील मुलांनीच दाखवून दिले. आज त्याच खंडात ती मुले दगावतात, तेव्हा अडचण उपचार ठाऊक नसण्याची नसून मूल आणि उपचार यांची पुरती गाठ न पडण्याची असते.

म्हणूनच 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने बालकॅन्सरसाठी जागतिक मोहीम जाहीर केली, तेव्हा 2030 पर्यंत किमान 60 टक्के मुले वाचावीत असे उद्दिष्ट ठेवताना तिने सरसकट सगळ्या कॅन्सरांमागे न धावता सहा प्रकार निवडले: रक्ताचा तीव्र लिम्फोब्लास्टिक कॅन्सर, बर्किट लिम्फोमा, हॉजकिन लिम्फोमा, डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा, मूत्रपिंडातील विल्म्स ट्यूमर आणि मेंदूतील मंद वाढणारी ग्लायोमाची गाठ. हे आजार जगभर आढळतात आणि वेळेत, नेटाने उपचार झाले तर त्यांतून मुले चांगल्यापैकी बरी होतात. मला ही निवड शहाणपणाची वाटते. तुमच्या 11 लाखांनाही असाच एखादा नेमका पत्ता हवा.

विल्म्स ट्यूमरचेच घ्या, कारण मलावीतील डॉक्टरांनी या आजारावर मोठे काम केले आहे. आई मुलाला आंघोळ घालताना पोटात काही टणक हाताला लागते; मूल मात्र खेळत असते, जेवत असते, त्यामुळे कोणी घाई करत नाही. गावातील औषध होते, मग जवळचे आरोग्य केंद्र होते, मग जिल्हा रुग्णालय होते, आणि ब्लँटायरला पोहोचेपर्यंत ती गाठ पोटभर वाढलेली असते. तेथे आधी काही आठवडे औषधे देऊन गाठ आक्रसवतात, मग शस्त्रक्रियेने मूत्रपिंडासह ती काढतात आणि नंतर पुन्हा औषधे देतात. आता यातील खरी मेख पाहा. पहिल्या काही आठवड्यांच्या औषधांनी पोट उतरते, मूल हसू लागते, आणि नेमक्या त्याच वेळी ‘बरे झाले, आता चला घरी’ असे कुटुंबाला वाटू लागते. ऑपरेशनची तारीख येते तेव्हा खाट रिकामी असते. काही महिन्यांनी मूल परत येते ते गाठ पुन्हा वाढल्यावर, आणि तेव्हा तीच औषधे पूर्वीसारखी लागू पडत नाहीत.

मी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केलेली असल्यामुळे अशा रिकाम्या खाटांची कारणे शोधणे हेच माझे काम होते. आपल्याकडे आईबाप उपचार सोडून जातात तेव्हा केसपेपरवर ‘न सांगता निघून गेले’ असा शेरा पडतो आणि तो वाचणाऱ्याला ते बेफिकीर वाटतात. प्रत्यक्षात बीडकडच्या एखाद्या बापाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कारखान्याचा हंगाम सुरू झालेला असतो, आणि जोडीने कोयता धरल्याशिवाय ती उचल फिटणार नसते. इकडे बायको एका पोराला घेऊन वॉर्डात, तिकडे दोन पोरे आजीजवळ. मलावीत उसाच्या जागी मका असतो. पाऊस सुरू होतो, पेरणीची घाई होते, आणि पुढच्या जानेवारी ते मार्च या महिन्यांत घरातील कणगी रिकामी झालेली असते. तेथील सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत असतात, तरीही मिनीबसचे भाडे, वॉर्डात राहणाऱ्या आईचे जेवण आणि घरी बुडालेली मजुरी हे सारे कुटुंबालाच सोसावे लागते. रुग्णासोबत राहणाऱ्या नातेवाइकांना तेथे ‘गार्डियन’ म्हणतात. ते रुग्णालयाच्या आवारातील निवाऱ्यात मुक्काम करतात, तेथेच चूल पेटवून मक्याच्या पिठाचा ‘न्सिमा’ रांधतात, आणि खरे तर वॉर्डातील अर्धी शुश्रूषाही तेच करतात. अशा बाईला ‘अजून काही महिने थांब’ असे सांगताना तिच्या थांबण्याची काही सोय केलेली नसेल, तर तो सल्ला पोकळ ठरतो.

ही सोय केली तर काय होते, याचे उत्तर आता अंदाजावर सोडण्याची गरज राहिलेली नाही. मलावी, कॅमेरून, घाना आदी देशांतील केंद्रांनी एकत्र येऊन 2014 पासून विल्म्स ट्यूमरसाठी एक सामायिक उपचारपद्धती राबवली. तिच्यात नवे औषध कोणतेही नव्हते. जुनीच औषधे त्या रुग्णालयांना झेपतील अशा रीतीने मांडली गेली, उपचार, प्रवास आणि राहण्याच्या खर्चाला हातभार लावला गेला, पोषणाकडे लक्ष दिले गेले आणि प्रत्येक मुलाची नोंद ठेवली गेली. उपचार सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण 23 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आले, उपचारांदरम्यान होणारे मृत्यू 21 वरून 13 टक्क्यांवर आले, आणि उपचार पूर्ण होताना आजाराचा मागमूस नसलेल्या मुलांचे प्रमाण 52 वरून सुमारे 68 टक्क्यांवर गेले. एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक पडला असता, तर त्याची किंमत किती ठेवली गेली असती याचा विचार तुमच्या सोसायटीतील यंत्रवाल्या गटाने जरूर करावा.

हे केवळ आफ्रिकेपुरते आहे असेही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात एके काळी दर पाच मुलांमागे जवळपास एक मूल उपचार नाकारून किंवा अर्धवट सोडून जात असे. 2010 च्या सुमारास तेथे मुलांच्या विभागाने समाजसेवक, समुपदेशन, निवास, आहार, औषधांचा खर्च आणि तारीख चुकलेल्या कुटुंबाचा पाठपुरावा अशी एकत्र व्यवस्था उभी केली आणि हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास खाली आले. त्याआधीच, 2006 पासून, सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स या संस्थेने बाहेरगावच्या कुटुंबांसाठी मोफत निवासाची सोय सुरू केली होती. परळच्या पदपथावर मुक्काम करणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना एका स्वच्छ खोलीची आणि स्वतंत्र गॅसच्या शेगडीची किंमत समजावून सांगावी लागत नाही. केमोथेरपी घेतलेले मूल पदपथावर झोपले, तर ते संसर्गाने जाते आणि त्याची नोंद मात्र कॅन्सरच्या खात्यावर पडते.

आता यंत्राविषयी. तुमच्या गटातील मंडळींना यंत्र आवडते हे मी समजू शकते. त्यावर नावाची पाटी लावता येते आणि फोटोही चांगला येतो. पण 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत साधनांची चणचण असलेल्या देशांतील रुग्णालयांमधील सुमारे 40 टक्के वैद्यकीय उपकरणे बंद अवस्थेत आढळली होती. प्रोब खराब झाला, विजेच्या चढउताराने बोर्ड जळला, दुरुस्त करणारा माणूस दुसऱ्या देशात, सुटा भाग मागवायला परकीय चलन नाही, असे होऊन ते यंत्र कोपऱ्यात जाऊन बसते. तेथील डॉक्टरांनी स्वतः अमुक बनावटीचे यंत्र मागितले, ते चालवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस त्यांच्याकडे आहे, आणि पुढील काही वर्षांच्या देखभालीचे पैसे तुम्ही त्यातच धरले आहेत, असे असेल तर गोष्ट वेगळी. तसे नसेल तर हा विषय बंद करावा.

मुलांना पुण्यात आणण्याची कल्पना मला त्याहूनही कमी पटते. दोन मुले, प्रत्येकासोबत एक पालक, विमानभाडे, व्हिसाच्या मुदती, महिनोन्‌महिने येथे राहणे, आणि भाषा अशी की आईला आपल्या मुलाला काय होते आहे हे विचारताही येऊ नये; शिवाय परत गेल्यावर तपासणीसाठी पुन्हा तोच वॉर्ड. जो उपचार ब्लँटायरमध्ये होऊ शकतो त्यासाठी हा खटाटोप म्हणजे दोन मुलांवर सगळे पैसे संपवून बाकीच्यांना होते तेथेच ठेवणे होय. पैसे महाराष्ट्रात द्यावेत असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा बराच खर्च निघतो, पण परभणी-नांदेडकडून येणाऱ्या कुटुंबाचे पुण्यात राहण्याचे आणि जेवणाचे हाल अजूनही होतातच. तुम्हाला येथे द्यायचे असेल तर आनंदाने द्या. मात्र येथेही याच कारणासाठी, म्हणजे कुटुंबाच्या राहण्या-जेवणासाठी, द्या. फक्त गटाचे समाधान व्हावे म्हणून रकमेचे तुकडे करून चार ठिकाणी वाटू नका, कारण तसे केल्यास कोठेच एक वर्षही निभावणार नाही.

माझे मत विचाराल तर ही रक्कम एकदम न देता तीन वर्षांवर पसरावी आणि ती केवळ मुलांना उपचार पुरे करता यावेत एवढ्याचसाठी राखून ठेवावी. आजच्या दराने 11 लाख म्हणजे साधारण 12 ते 13 हजार डॉलर होतात. मोठ्या इमारतीच्या हिशेबात ही रक्कम क्षुल्लक आहे. मिनीबसचे भाडे, आईचे दोन वेळचे जेवण, घरी जाताना पुढच्या खेपेच्या प्रवासाचे पैसे हातात ठेवणे, आणि तारीख चुकली की त्याच आठवड्यात फोन करणारा एक माणूस, यांच्या हिशेबात ती मोठी आहे. यांतील फोन करणाऱ्या माणसाला मी सर्वांत वरचे स्थान देते. तो तेथील चिचेवा भाषा बोलणारा, त्याच भागातला असावा, आणि फोन करताना त्याने दरडावू नये. ‘तुम्ही आला नाहीत, काही अडचण आली का’ असे विचारणाऱ्याला खरे कारण कळते, आणि अनेकदा ते कारण अगदी थोड्या पैशांत दूर होण्यासारखे असते. काही वेळा कारण पैशांचे नसतेही. रेटिनोब्लास्टोमात डोळा काढला तर मुलाचा जीव वाचतो, पण तो काढायला आई तयार असली तरी घरातील वडीलधारी तयार नसतात. अशा वेळी ज्यांचे मूल एक डोळा काढूनही शाळेत जाते आहे, अशा दुसऱ्या आईला तिच्याशी बोलायला बसवणे हे कोणत्याही डॉक्टरच्या समजावण्यापेक्षा उपयोगी पडते. त्या दुसऱ्या आईच्या येण्याजाण्याचा खर्चही याच पैशांतून करावा.

पोषणाचा खर्चही यातच धरावा, आणि येथे तुमच्यासारख्या अनुभवी सिस्टरला पटेल असा एक तपशील सांगते. पोटात मोठी गाठ असलेल्या मुलाचे वजन फसवे असते, कारण त्यात गाठीचेही वजन मिसळलेले असते. म्हणून दंडाचा घेर मोजल्याशिवाय कुपोषण कळत नाही. मलावीतील अभ्यासात असे आढळले आहे की अशा कुपोषित मुलांच्या शरीरातून व्हिन्क्रिस्टिन सावकाश बाहेर पडते, म्हणजे नेहमीची मात्राही त्यांना जड जाऊ शकते. म्हणून तेथील पद्धतीत तीव्र कुपोषित मुलाची मात्रा कमी ठेवतात आणि त्याच वेळी त्याला खाऊ घालून वर आणतात. ‘चिपोंडे’ नावाची शेंगदाण्याची पोषक पेस्ट ब्लँटायरजवळच तयार होते. इथून डबे भरून प्रोटीन पावडर पाठवण्याचा मोह कोणाला झालाच, तर त्याला हे सांगा.

औषधांच्या पुरवठ्यात मात्र तुम्ही पडू नये. काही महिने पुरेल एवढे औषध पाठवून मग तो पुरवठा थांबणे हे मुलाच्या दृष्टीने धोक्याचे आहे, आणि खासगीरीत्या पाठवलेल्या औषधांची साठवण, मुदत आणि परवाने हा वेगळाच व्याप होतो. हे काम मोठ्या यंत्रणांचे आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेतील सेंट ज्यूड रुग्णालय यांनी 2021 साली 20 कोटी डॉलरच्या तरतुदीने गरीब देशांना बालकॅन्सरची दर्जेदार औषधे मोफत पुरवण्याची योजना जाहीर केली, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये मंगोलिया व उझबेकिस्तानला पहिला साठा पोहोचण्यास सुरुवात झाली. घानाने 2022 साली आपल्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात मुलांच्या चार कॅन्सरांचा समावेश केला. दूरवर टिकणारे उत्तर शेवटी हेच आहे: सरकारने ते आपल्या खर्चात धरणे. तोपर्यंत मधल्या फटीत पडणारी मुले सावरणे एवढेच देणगीदारांच्या हाती असते, आणि तेही काही कमी नाही.

आता तुमच्या स्वतःच्या जाण्याविषयी, आणि येथे मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण तुमच्या 11 लाखांपेक्षा तुमच्या हातातील काम मला अधिक मोलाचे वाटते. मुलांच्या कॅन्सर वॉर्डात डॉक्टर ठरवतात ते खरे, पण मूल जगते की नाही हे पुष्कळदा रात्रपाळीच्या सिस्टरवर अवलंबून असते. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या मुलाला ताप आला, तर पहिले अँटिबायोटिक तासाभराच्या आत शिरेतून गेले पाहिजे. मेक्सिकोतील रुग्णालयांनी याच ‘सोनेरी तासा’साठी खास मोहीम चालवली. त्यासाठी आईला ताप ओळखता यायला हवा, तिच्याजवळ थर्मामीटर हवा, कॅज्युअल्टीत रांगेत न थांबवता तिला आत घेण्याची पद्धत हवी, आणि सिस्टरला डॉक्टरची वाट न पाहता पहिला डोस देण्याचा लेखी अधिकार हवा. यांतील एकाही गोष्टीला मोठे भांडवल लागत नाही. तसेच व्हिन्क्रिस्टिनचे. हे औषध चुकून पाठीच्या कण्यात दिले गेले तर मूल जवळजवळ हमखास दगावते. म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता सलाइनच्या छोट्या पिशवीत मिसळून द्यावे असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे, कारण पिशवी कोणी चुकूनही पाठीत लावू शकत नाही. हे नियम तुम्हाला तोंडपाठ असतील. पण ज्या वॉर्डात दोन सिस्टर आणि चाळीस मुले असतील तेथे नियम माहीत असणे आणि ते पाळता येणे यांत किती अंतर पडते, हेही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील बालकॅन्सर विभागांसाठी परिचर्येचे जे किमान निकष 2014 साली मांडले गेले, त्यांत एका सिस्टरमागे पाचपेक्षा अधिक मुले नसावीत आणि या वॉर्डात तयार झालेल्या सिस्टरची दुसऱ्या वॉर्डात बदली करू नये, असे दोन मुद्दे आहेत. पहिला पैशांअभावी अडतो. दुसऱ्याला पैसा लागत नाही, तरी तो बहुतेक ठिकाणी मोडला जातो; केमोथेरपी हाताळायला शिकलेली मुलगी वर्षभरात ऑर्थो वॉर्डात जाते आणि तिच्या जागी आलेलीला पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते. आपल्याकडेही रोटेशनच्या नावाखाली हेच चालते, त्यामुळे मलावीला नावे ठेवण्याचे कारण नाही.

या पार्श्वभूमीवर तुम्ही तीन महिने जाऊन वॉर्डात ड्युटी केलीत तर तीन महिने दोन जास्तीचे हात मिळतील, आणि तुम्ही परतलात की ते जातील. शिवाय तेथील नर्सेस अँड मिडवाइव्ह्ज कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय तुम्हाला रुग्णाला हात लावता येणार नाही, आणि चिचेवा येत नसल्यामुळे प्रत्येक आईशी बोलायला त्यांच्याच एका सिस्टरला दुभाषी म्हणून थांबावे लागेल. त्याऐवजी त्यांच्याकडील एक-दोन सिस्टरना काय शिकायचे आहे ते त्यांनाच विचारा, आणि त्यांना हवे असल्यास दर आठवड्याला ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर केसेसची चर्चा सुरू करा. पुणे त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्यामुळे त्यांची दुपारची वेळ तुम्हाला सोयीची पडेल. इटलीतील मोंझा आणि निकाराग्वातील मानाग्वा येथील मुलांच्या रुग्णालयांमध्ये 1986 साली सुरू झालेले सहकार्य दशकानुदशके टिकले, ते एकमेकांशी नियमित बोलत राहिल्यामुळे. वर्षभर असे बोलणे झाल्यावर त्यांनी बोलावले, तर अवश्य जा. तोवर नावे, चेहरे आणि अडचणी दोन्ही बाजूंना ठाऊक झालेल्या असतील.

एक गोष्ट तुमच्या गटाला आधीच समजावून ठेवा. सगळी मुले बरी होणार नाहीत, आणि तुमच्या पैशांतून आलेल्या काही मुलांना केवळ वेदनेवाचून जाणे एवढेच देता येईल. तोंडावाटे देण्याचे मॉर्फिनचे पातळ औषध स्वस्त असते. युगांडात 1993 पासून ते वापरून घरीच वेदनाशमन करण्याची व्यवस्था उभी राहिली आहे. अशा मुलाला गावी पोहोचवण्याचे भाडे आणि नर्सच्या गृहभेटीचा खर्च तुम्ही ‘वाया गेला’ म्हणून लिहिणार असाल, तर या कामात न पडलेले बरे.

व्यवहाराचे थोडे. ट्रस्टचा पैसा परदेशात वापरायचा असेल तर करसवलत टिकवण्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते आणि ती सहज मिळत नाही. त्यापेक्षा प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून, रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम (एलआरएस) या व्यक्तींनी परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली, नोंदणीकृत संस्थेला देणगी पाठवणे सोपे आहे. त्यावर येथे करसवलत मिळणार नाही, हे सर्वांना आधीच सांगा. आणि सगळी रक्कम एकाच्या नावावरून पाठवू नका, कारण एका आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वर गेल्यास बँक वरच्या रकमेवर कर कापून घेते आणि तो परत मिळवायला विवरणपत्राची वाट पाहावी लागते. सोसायटीबाहेरच्या लोकांकडून वर्गणी घेतली असेल, तर गणेश मंडळे घेतात तशी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते का, हेही सी.ए.ला विचारून घ्या. मलावीतील बालकॅन्सरच्या कामाला ब्रिटनमधील वर्ल्ड चाइल्ड कॅन्सर ही संस्था मदत करते. पैसे तिच्यामार्फत जावेत की थेट रुग्णालयाच्या एखाद्या निधीत, हे तेथील विभागप्रमुखांनाच ठरवू द्या.

हिशेब मागताना मुलांचे फोटो मागू नका. दर तीन महिन्यांनी चार आकडे मागा: किती मुलांचे उपचार सुरू झाले, किती जणांचे पूर्ण झाले, किती जण मधूनच गेले आणि त्यांपैकी किती जण फोननंतर परत आले. हे आकडे ते आधीच ठेवत असतील तर उत्तम. नसतील तर ते ठेवणाऱ्या कारकुनाचा अर्ध्या वेळेचा पगार तुमच्या रकमेतून द्या, आणि गटातील कोणी त्याला ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून नाक मुरडले तर ऐकू नका.

या आठवड्यात भाच्याला एवढेच काम सांगा की त्याने वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरचा ईमेल मिळवावा. पत्र तुम्हीच लिहा, सोसायटीच्या चेअरमनना लिहू देऊ नका. इन्चार्ज सिस्टरने इन्चार्ज सिस्टरला लिहिलेल्या पत्राला उत्तर लवकर येते. त्यात रकमेचा आकडा घालू नका. आधी त्यांची अडचण येऊ द्या.